शाळेचे वळण आणि नव्याने आलेली मुले

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर आपल्याला ती लगेच दुरुस्त करता येईल. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एका गावात, पहिली ते पाचवीच्या जिल्हा परिषद शाळेत आपण गेल्या वर्षापासून प्रभारी मुख्याध्यापिका आहात. पट ११२ आहे आणि शिक्षक चार आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वी या शाळेत जवळजवळ सगळी मुले गावातल्याच शेतकरी घरांतली होती. आता गावातली बरीच मुले सकाळी इंग्रजी शाळेच्या बसने जातात आणि आपल्या वर्गात सळयांच्या कारखान्यांत राबणाऱ्या बिहार-उत्तर प्रदेशातल्या कामगारांची, वीटभट्टीवरची, पलीकडच्या बंजारा तांड्यावरची आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले बसतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘शाळेचं वळण बिघडलं,’ आणि त्यावर दशमूल्यांचा फलक पुन्हा रंगवावा, परिपाठ लांबवावा, शिस्तीचे उपक्रम वाढवावेत, असे ठरले. यातले काय करावे आणि कोणते उपक्रम निवडावेत, असे आपण विचारता.

माझी नोकरी ३२ वर्षांची झाली. पहिली १४ वर्षे बीड जिल्ह्यात धारूर-वडवणीच्या डोंगराळ भागात गेली, पुढची सगळी आंतरजिल्हा बदलीने जालना जिल्ह्यात. त्या अनुभवावरून मला असे वाटते की आपल्यापुढची अडचण उपक्रमांच्या कमतरतेची नाही. आपल्या शाळेची सगळी घडी एका विशिष्ट मुलासाठी बसवलेली आहे: ते मूल जूनपासून एप्रिलपर्यंत गावातच असते, घरी मराठी बोलते, त्याच्या आईला सकाळी अकराच्या सभेला येता येते आणि त्याच्या जन्माचा दाखला ट्रंकेत जपून ठेवलेला असतो. असे मूल आपल्या पटावर आता निम्म्याहून कमी उरले आहे. घडी मात्र तीच आहे. त्यामुळे जे मूल तिच्यात बसत नाही ते बेशिस्त दिसते. वळण हा शब्द आपण अक्षरालाही लावतो, आणि अक्षराला वळण लागते ते रोज गिरवून. शाळा रोज काय गिरवून घेते, कोणाला पुढे बसवते, कोणाचे नाव कमी करते, कोणाच्या बोलण्यावर वर्ग हसतो, हे मुले फलकापेक्षा फार आधी वाचतात.

हे सगळे परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे, हेही आताच सांगते. चार शिक्षकांपैकी एक जण प्रतिनियुक्तीवर किंवा प्रशिक्षणात गेला तर खाली सुचवलेल्यातले निम्मे होणार नाही. जवळ जिल्हा परिषदेची उर्दू शाळा असेल तर काही पालकांचा ओढा तिकडे राहील आणि तो रास्तही आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह मंजूर झाले आहे की नाही, यावर त्या मुलांचे अर्धे वर्ष ठरते. कारखान्यातले कामगार कुटुंबासह आले आहेत की एकेकटे, भाड्याच्या खोलीत राहतात की ठेकेदाराच्या चाळीत, यानेही फरक पडतो. ठेकेदाराच्या चाळीतले कुटुंब एका रात्रीत दुसऱ्या शहराला हलवले गेल्याचे मी पाहिले आहे.

आता माझी एक चूक सांगते, कारण पुढचे सारे मी तिच्यातून शिकले. धारूरकडच्या शाळेत मी दरवर्षी २६ जानेवारीला शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस देत असे. कंपासपेटी आणि प्रमाणपत्र, सरपंचांच्या हस्ते. हेतू चांगलाच होता. सात-आठ वर्षांनी एकदा जुनी नोंदवही चाळताना लक्षात आले की या बक्षिसाच्या यादीत ऊसतोड मजुराचे एकही मूल कधी आलेले नाही आणि येणे शक्यही नव्हते, कारण २६ जानेवारीला ती मुले पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठल्यातरी उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत असत. म्हणजे ज्या गावात निम्मी घरे कोयत्यावर जगतात, त्या गावात शाळेचा सर्वांत मानाचा पुरस्कार मी निम्म्या गावाला आधीच बंद करून ठेवला होता. वक्तशीरपणा हे मूल्य मी शिकवत होते अशी माझी समजूत. मुले शिकत होती ते हे, की शाळा आपल्या घरच्यांसाठी नाही.

पुढच्या वर्षी मी नियम बदलला. मूल गावात असताना जितके दिवस शाळा भरली, तितक्या दिवसांतली त्याची उपस्थिती मोजायची, आणि बक्षीस २६ जानेवारीऐवजी १ मे रोजी द्यायचे, कारण तोवर बहुतेक टोळ्या परतलेल्या असतात. पहिल्याच वर्षी नऊ बक्षिसांपैकी चार त्या मुलांना गेली. काही गावकऱ्यांना ते रुचले नाही. ‘बाईंनी कायदाच बदलला’ असे चावडीवर बोलले गेले. मी त्यांना एवढेच विचारले की गड्याची हजेरी आपण कामाच्या दिवसांवर मोजतो की वर्षाच्या ३६५ दिवसांवर.

आपल्याकडेही पहिले काम हेच करा. बक्षिसे, वर्गप्रमुखाची निवड, स्नेहसंमेलनातला सहभाग, सहलीची यादी, परिपाठात पुढे उभे राहणारी मुले, या सगळ्या याद्या गेल्या वर्षीच्या काढा आणि कोणत्या वस्तीतले मूल कोणत्या यादीत कधीच नाही, ते पेन्सिलीने खुणा करून पाहा. याला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, आणि समितीपुढे ठेवायला यापेक्षा बोलके दुसरे काही नसते.

दुसरी गोष्ट येण्या-जाण्याची. आपल्या शाळेत दोन प्रकारची स्थलांतरे एकाच महिन्यात घडतात. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठपूजा असते, तिच्यासाठी बिहारची कुटुंबे गावी जातात आणि रेल्वेचे आरक्षण मिळेल तशी दोन-तीन आठवड्यांनी परततात. शाळा सुटीनंतर उघडते तेव्हा वर्ग एकदम ओस दिसतो. सतत गैरहजर म्हणून नावे कमी करण्याचा मोह याच वेळी होतो, आणि आपण तो टाळावा. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे: स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे त्यात स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला हे प्रवेश अडवण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गातच बसवायचे असते. नऊ वर्षांच्या मुलीला अक्षरओळख नाही म्हणून पहिलीत बसवणे सोयीचे वाटते, पण ते कायद्यात बसत नाही आणि माझ्या अनुभवात अशी मुलगी महिन्याभरात येणे बंद करते. तिला तिसरी-चौथीत बसवून दिवसातून एक-दीड तास वेगळे वाचन घ्यावे लागते. कायद्यातल्या ‘विशेष प्रशिक्षणा’चा अर्थ हाच.

जाणाऱ्या मुलांसाठी मी एक साधी वही ठेवत असे. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, म्हणजे मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेऊन झालेली असते पण गाडी अजून दारात लागलेली नसते तेव्हा, प्रत्येक घरी जाऊन विचारायचे: कोण जाणार, कुठल्या कारखान्याला, मूल नेणार की आजीजवळ ठेवणार. ज्या घरी आजी-आजोबा आहेत आणि वसतिगृहाची सोय आहे तिथे मूल ठेवायला बहुतेक आईबाप तयार होतात. फक्त हे बोलणे गाडी दारात लागल्यावर करून उपयोग नसतो. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत जास्त आग्रह धरावा लागतो, कारण ती सोबत गेली की कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळणे आणि भाकरी थापणे तिच्याच गळ्यात पडते. जे मूल जाणारच असेल त्याच्या हाती शिक्षण हमी पत्रक (तिकडच्या शाळेत दाखवायचे पत्र) द्यावे आणि त्यात नुसता वर्ग न लिहिता त्याला काय येते ते लिहावे: जोडशब्द वाचतो, हातच्याची बेरीज येते, वजाबाकीत उसने घेताना चुकतो. एवढे लिहिलेले असेल तर तिकडच्या शिक्षकालाही उपयोग होतो आणि मूल एप्रिलमध्ये परतले की आपल्यालाही. वसतिगृहाचा निधी वेळेवर येईलच असे गृहीत धरून मात्र काही ठरवू नका. पहिला महिना गावातून धान्य जमवून काढण्याची तयारी समितीकडून आधीच करून घ्या.

परत येणाऱ्या मुलाचा पहिला दिवस फार महत्त्वाचा असतो. मुलांच्या गर्दीत ते मूल उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे दारात उभे राहते, आणि आपण अनवधानाने विचारतो, ‘कुठं होतास रे इतके दिवस?’ ते कुठे होते हे आपल्याला ठाऊक असते. त्याऐवजी त्याच्याकडे सांगण्यासारखे काय आहे, ते विचारावे. एकदा चौथीच्या वर्गात मी परतलेल्या तीन मुलांना फडावरचा हिशेब मांडायला सांगितला: एका मोळीत साधारण किती ऊस, एका टायरगाडीत किती मोळ्या, दिवसाकाठी एका कोयत्याला किती गाड्या, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या विकून आईला किती सुटे पैसे मिळतात. (गावाबाहेरच्या वाचकांसाठी: नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात.) ज्या मुलांना पुस्तकातला गुणाकार जमत नव्हता, ती हे तोंडी आणि अचूक सांगत होती. वर्गातल्या इतर मुलांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा हेवा पाहिला. दशमूल्यांतले ‘श्रमप्रतिष्ठा’ हे मूल्य त्या तासिकेत मी एकदाही उच्चारले नाही.

आता भाषेकडे वळते, कारण आपल्या शाळेत सर्वांत जास्त गैरसमज इथेच होत असावेत. बिहारहून आलेल्या तिसरीच्या एका मुलाला ‘पाढे येत नाहीत’ असा शेरा माझ्या एका सहकाऱ्याने दिला होता. मी त्याला ‘पहाडा सुनाओ’ म्हटले तेव्हा त्याने ‘दो एकम दो, दो दूनी चार’ पासून पंधरापर्यंत न अडखळता म्हणून दाखवले. त्याला पाढे येत होते. ‘बे एके बे’ येत नव्हते. देवनागरी लिपी एकच असल्याने ही मुले मराठी पटकन वाचू लागतात आणि आपण समजतो की भाषा आली. पण ‘ळ’ त्यांच्या हिंदीत नाही, आणि नपुंसकलिंगही नाही, त्यामुळे ‘माझा पुस्तक’ ही चूक दोन-दोन वर्षे टिकते. ती नियमाने समजण्यासारखी चूक आहे. तिच्यावर वर्ग हसू लागला की मूल बोलणेच सोडते, आणि मग आपण शेरा मारतो की मूल लाजाळू आहे. एका आईने तर पहिल्या भेटीत हात जोडून सांगितले होते, ‘हमारे बच्चे को अच्छी शिक्षा दीजिए,’ आणि शेजारी उभी असलेली आमची दुसरीतली पोरगी घाबरून त्या मुलाकडे पाहू लागली होती.

तांड्यावरच्या मुलांचे गाऱ्हाणे वेगळे. त्यांच्या घरात गोरबोली असते, आई ‘याडी’ असते, भाकरी ‘बाटी’ असते; पहिलीच्या चित्रवाचनात भाकरीचे चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारले आणि मूल ‘बाटी’ म्हणाले तर ते उत्तर बरोबरच आहे. ते मान्य करून मग शेजारी ‘भाकरी’ हा शब्द लिहावा. मी पहिली-दुसरीच्या वर्गात एक भिंत यासाठी ठेवली होती: एका वस्तूचे चित्र, त्याखाली मराठी शब्द, त्याखाली गोरबोली, हिंदी आणि दखनी शब्द, सगळे देवनागरीतच. शब्द मुलांनी घरून आणायचे. फार खर्चाचे काम नाही, पण शब्द विचारायला मूल घरी जाते तेव्हा शाळा पहिल्यांदाच त्याच्या आईला काहीतरी विचारते.

याच संदर्भात एक आठवण होते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावन्न’सोबत ‘पन्नास दोन’ असे संख्यावाचन आले तेव्हा त्यावर मोठी टीका आणि थट्टा झाली. मराठी घरातल्या मुलाला त्याची फारशी गरज नसेल, आणि हिंदी मुलाला ‘बावन’ ओळखीचेच असते. परंतु तेलंगणाच्या सीमेलगत देगलूर-बिलोलीकडे शिकवणारी माझी एक मैत्रीण सांगत असे की घरी तेलुगू बोलणारी मुले ५२ ऐकून २५ लिहितात, कारण तेलुगूत आधी पन्नास आणि मग दोन असाच क्रम बोलला जातो. त्या मुलांना ती सोय फार उपयोगी पडली. कोणती पद्धत चांगली, हा वाद पुण्यात बसून करता येतो. सीमेवरच्या वर्गात मात्र समोर कोण बसले आहे ते पाहावे लागते.

आणि ‘पूर्वी शाळेचे एकच वळण होते’ हे म्हणणे मराठवाड्यात तरी खरे नाही. माझ्या जालन्याच्या पहिल्या शाळेत सत्तरी उलटलेले एक सदस्य होते. तेही परप्रांतीय मुलांबद्दल अशीच तक्रार करत. एकदा चहा घेताना मी त्यांना विचारले की आपण कोणत्या भाषेत शिकलात. निजामाच्या काळात शाळेत उर्दू, घरी मराठी, आणि वडिलांचे हिशेब मोडी लिपीत, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. ज्या हैदराबाद संस्थानात १९१८ साली विद्यापीठच उर्दू माध्यमाचे निघाले, तिथल्या आपल्या आजोबा-पणजोबांना घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असणे म्हणजे काय, हे पुरते ठाऊक होते. मी त्या सदस्यांना विचारले, ‘मग तुम्हाला शाळेत पहिल्यांदा कोणी समजून घेतलं?’ ते बराच वेळ बोलले नाहीत. पुढच्या वर्षी हिंदी बोलणाऱ्या मुलांना गोष्ट सांगायला दर शनिवारी ते स्वतः येऊ लागले. प्रत्येक सदस्याच्या बाबतीत असे घडेल असे मी म्हणत नाही. आपल्या सदस्यांचे वय पाहता त्यांच्या वडिलांबद्दल विचारावे लागेल.

परिपाठ लांबवू नका. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, दिनविशेष, सुविचार, बोधकथा एवढे करून वीस-पंचवीस मिनिटे होतातच. त्याहून जास्त वेळ पहिलीतले, सकाळी काही न खाता आलेले मूल उन्हात उभे राहू शकत नाही. लांबीऐवजी परिपाठ कोण घेतो ते बदला. बहुतेक शाळांत स्वच्छ उच्चाराची तीच चार मुले वर्षभर पुढे असतात, कारण पाहुणे आले तर फजिती नको. मी वर्गनिहाय आठवडे लावले आणि त्या आठवड्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाने काहीतरी एक सांगायचेच, असा दंडक घातला; उद्देशिका मात्र सगळ्यांनी मिळून आणि सावकाश. ‘बंधुता’ हा शब्द म्हणताना तिसरीतल्या एकाने विचारले होते की याचा अर्थ काय, आणि मला उत्तर देताना त्याच्या शेजारी कोण उभे आहे ते पाहून बोलावे लागले. त्या दिवशीची बोधकथा मी रद्द केली.

मूल्यांचे स्वतंत्र उपक्रम घ्यावेत का, यावर माझे मत थोडे सावध आहे. बीड जिल्ह्यातच २००९ साली जिल्हा परिषदेच्या शाळांतून ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि नंतर तो राज्यात पसरला. त्याची खरी ताकद मला पद्धतीत दिसली. मुलांनी जोडीत बोलायचे, गटात काम करायचे, वर्गाचे नियम आपण मिळून ठरवायचे. शिक्षकाने प्रवचन करायचे नाही. जिथे शिक्षकांनी ही पद्धत गणिताच्या आणि मराठीच्या तासालाही वापरली, तिथे फरक पडला. जिथे पुस्तिका भरून घेण्यापुरती राहिली, तिथे इतर अनेक उपक्रमांसारखीच ती कपाटात गेली. जोडी लावताना मात्र तांड्यावरचे मूल तांड्यावरच्याच मुलासोबत बसणार नाही एवढे पाहा, कारण मुलांवर सोडले तर ती ओळखीच्याच बाजूला सरकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

पंगतीचेही तसेच. खिचडीच्या वेळी वस्तीनिहाय घोळके बसतात, हे आपण पाहिले असेलच. मी एकदा हुशारीने जन्ममहिन्यानुसार पंगती लावायचे ठरवले आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली: अर्धी शाळा जूनच्या पंगतीत. दाखला नसलेल्या प्रत्येक मुलाची जन्मतारीख १ जून लिहिण्याची आपल्या खात्याची जुनी सवय माझ्या ध्यानात राहिली नव्हती. मग चिठ्ठ्या काढल्या, दर सोमवारी नव्या. वाढप्यांची पाळीही चिठ्ठीनेच. एका पालकाने यावर हरकत घेतली होती. त्यांच्याशी मी शाळेत सर्वांदेखत वाद घातला नाही, संध्याकाळी घरी जाऊन बोलले, आणि पंगत मात्र बदलली नाही. ही एक गोष्ट अशी आहे की जिच्यात परिस्थिती पाहून तडजोड करावी असे मी आपल्याला सांगणार नाही.

पालकसभा सकाळी अकराला ठेवली तर येतात ते ज्यांना शेतावर माणूस लावता येतो तेच. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते ते विचारून त्या दिवशी संध्याकाळी सभा घ्या, आणि वर्षातून दोनदा तरी शाळेऐवजी चाळीत आणि तांड्यावर घ्या. आपल्या समितीच्या रचनेकडेही पाहा. कायद्यानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. निम्मा पट नव्या वस्त्यांचा असताना समितीत त्यांच्यापैकी एकही नसेल, तर ‘वळण बिघडलं’ हे वाक्य कोणाच्या तोंडून आले याचे नवल नको. मुदत संपेपर्यंत थांबावे लागले तरी तोवर दोन मातांना निमंत्रित म्हणून बोलवा. त्या पहिल्या दोन बैठकांत काही बोलणार नाहीत. तिसऱ्या बैठकीत माझ्याकडची वीटभट्टीवरची एक बाई एवढेच म्हणाली की शाळेच्या नळाला दुपारनंतर पाणी नसते म्हणून तिची मुलगी दोनला घरी येते. गळतीच्या कारणांवर आम्ही तोवर तीन प्रशिक्षणे घेतली होती.

बसने जाणाऱ्या गावातल्या मुलांबद्दल आपण शेवटी विचारले आहे की ती परत कशी आणावीत. या सगळ्याने ती लगेच परत येतील असे मी सांगू शकत नाही. माझ्याकडे सहा वर्षांत अकरा आली, त्यातली काही केवळ बसचे भाडे वाढले म्हणून. पालक इंग्रजीसाठी जातात, आणि शेजारच्या बाकावर कोण बसते यासाठीही जातात, हे स्पष्ट बोललेले बरे. पहिल्या कारणासाठी शाळेत इंग्रजीचे रोजचे संभाषण चांगले घेता येते आणि तिसरीतली सगळी मुले मराठी अस्खलित वाचतात हे पालकांना वाचून दाखवता येते; वाचन हा कोणत्याही गावातला सर्वांत खात्रीचा प्रचार आहे. दुसऱ्या कारणासाठी मात्र नव्या मुलांना मागे ढकलून जुन्यांना बोलावण्याचा मार्ग कोणी सुचवला तर तो नाकारा. तसे केले तर जी ११२ आहेत त्यांतलीही जातील, पट ९० पर्यंत उतरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरतात तेव्हा, चौथे पद जाते, आणि मग उरलेल्या तिघांवर पाच वर्ग येतात.

तेव्हा क्रम असा ठेवा: या महिन्यात याद्या आणि पंगत, दसऱ्यानंतर घरभेटी आणि हमी पत्रके, दिवाळीच्या सुटीनंतर भाषेची भिंत आणि परिपाठाचे आठवडे. समितीची पुनर्रचना तिच्या मुदतीने होईल. हे सगळे एकाच वर्षात साधले नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. मला पंगत स्थिर व्हायलाच दोन वर्षे लागली होती.

राहिला दशमूल्यांचा फलक. समितीने ठराव केलाच आहे, तो मोडण्यात वेळ घालवू नका, रंगवून घ्या. फक्त रंगकाम मे महिन्याच्या सुटीत ठेवा, कारण एप्रिलमध्ये परतणाऱ्या मुलांचा वाचनाचा गट बसवायला आपल्या शाळेत सावलीची मोकळी जागा म्हणजे त्या भिंतीपुढचा व्हरांडाच असेल, आणि ओल्या रंगाजवळ त्यांना बसवता येणार नाही.